एल विभाग, एक जादा पान

शुक्रवारी, म्हापशाचा बाजार उठता उठता
शिवोलीची एक बाई घेऊन आली
रॉक बँडांचा सचित्र कोश.
पाठ निखळलेली, एमपासून पुढं कसर,
पुठ्ठ्यावर खाऱ्या वाऱ्याची ती ओळखीची बुरशी.
"पप्पांचा. हणजुण्याला कोणी तरी
जेवणाच्या बिलापोटी ठेवून गेला होता म्हणे."

चाळीस वर्षं मी पुस्तकं शिवतो.
पोथ्या, खतावण्या, बाप्तिस्म्याच्या वह्या,
कुळागराच्या दाव्यांचे कागद.
वाचत नाही. वाचणारा बाइंडर उपाशी मरतो.
पण हा उलगडावाच लागला, फर्मा न् फर्मा सुटा,
आणि पानापानावर केसाळ माणसं
धुरात उभी, जणू भात चुलीवर ठेवून
कोणी विसरून गेलंय.

प्रत्येकाची कुंडली सारखीच:
कुठं जमले, काय वाजवलं, कशावरून फुटले.
पैसा. बाई. पुन्हा पैसा.
खाली वंशवृक्ष, रेघा फुटतात,
दुसऱ्याच बँडात जाऊन मिळतात,
आणि मेलेल्यांच्या नावापुढं बारीक क्रूस.

एल संपतो तिथं एक पान वेगळं.
शाळेच्या वहीचं, खळीनं चिकटवलेलं,
निळी शाई, रोमी कोंकणी,
पण मांडणी हुबेहूब कोशाची:

लास्ट फेरी. शिवोली. १९७८ ते १९७९.
गिटार फ्रुतुओझ. बास एर्मेलिंदो.
आवाज लुर्दिन. ड्रम सोयरू.
तबकड्या नाहीत. कॅसेट एक, बुरशीनं खाल्ली.
फुटण्याचं कारण: मस्कतचा व्हिसा.

चित्र म्हणून पासपोर्टचे फोटो,
तिसऱ्याच्या जागी नुसता डिंकाचा डाग.
झाड लहानसं. एक रेघ जहाजावर,
एक लिस्बनला, तिच्यापुढं प्रश्नचिन्ह,
एक खाणीच्या ट्रकाखाली.
सोयरूच्याही नावापुढं क्रूस.
कोशाची रीत म्हणजे रीत.

आणि पार तळाला, कागदाच्या काठाला खेटून:
"हरमलच्या रात्री सोयरूची फेरी चुकली.
घुमट वाजवलं म्हापशाच्या एका पोरानं.
नाव आठवत नाही."

दाभण खाली ठेवलं.

मांद्र्याला मामाकडं गेलो होतो मी,
घुमटाचं फाटलेलं तोंड मढवून घ्यायला.
परतताना वाटेत धरलं त्यांनी. चौदाचा होतो.
येत होता तो आरतीचा ठेका, तोच वाजवला,
आणि तो लांब हातांचा फ्रुतुओझ
गिटार घेऊन त्याच्यामागं धावला
जसा कोणी दावं तोडलेल्या रेड्यामागं.
गोरे नाचले. मला मिळाला ऑम्लेट-पाव,
आणि घोरपडीच्या नव्याकोऱ्या कातड्याला
शेकोटीच्या ठिणगीचं भोक.
घरी मार खाल्ला.
नाव कोणी विचारलंच नव्हतं,
त्याला आठवणार कुठून.

शिवून झालं. खळीत मोरचूद घातला,
बकरमची पाठ दिली. मग कटाई.
तिन्ही कडा सरळ करायच्या तर
वहीचं पान दोन बोटं बाहेर येत होतं.
सुरी फिरली की शेवटची ओळ गेली.
कोणाला कळलं असतं?
चहा पिऊन आलो. सुरी पुसली.
तेवढा काठ आत दुमडला
आणि मग कापलं.

बुधवारी बाईनं पानं चाळता चाळता
घडी उघडली, वाचलं, हसली.
"कोण असेल हो हा? तुम्ही म्हापशाचेच ना?"
म्हटलं, पोरं पुष्कळ होती तेव्हा.
"आणि हे बघा, सोयरूला क्रूस दिला,
एर्मेलिंदो अंकलला दिला,
पप्पांचा स्वतःचा राहिलाच."
माझ्या टेबलावरचं पेन घेऊन
तिनं तो एवढ्या जोरात ओढला
की पलीकडच्या पानावर, कुठल्याशा
नामांकित ढोलक्याच्या कपाळावर उमटला.

एकशे ऐंशी झाले. दोनशे दिले, सुटे नव्हते,
"राहू दे," म्हणाली.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत, दर पुस्तकात असतो तिथंच,
माझा रबरी शिक्का आहे.
शाई कमी होती.
आडनाव तेवढं वाचता येतं.